पिंप रिकामे होईपर्यंत

सकाळी उठले की आल्बिना आधी चुलीत लाकडे सारायची, मग तळघरात उतरून पिंपाला टकटक करायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर फळीवर खालून वर ठोकत न्यायचे. आत वाइन असेल तिथे आवाज दबका येतो, गोणीवर थाप मारल्यासारखा. वाइन संपून पोकळी सुरू झाली की तोच आवाज मोकळा होतो. जिथे तो बदलेल तिथे खडूची रेघ ओढायची. लग्नानंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरमध्ये सासूने तिला हे शिकवले होते. "कानाने नाही ऐकायचं ग, पेराने ऐकायचं," सासू म्हणाली होती, "कान म्हातारा होतो, पेर होत नाही."

त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षे झाली. सासू गेली, सहा वर्षांमागे नवरा मिर्कोही गेला. पेर मात्र सासूने सांगितल्याप्रमाणे अजून शाबूत होते.

त्या वर्षी ऑक्टोबर फार संथ उतरला. क्रास नावाच्या खडकाळ माळावरची झुडपे एकेक करून लाल होत गेली, जणू कुणी घाई न करता दिवे लावत चालले आहे. बुर्या वारा अजून सुटला नव्हता. दुपारी ब्रेस्त्ये गावावर असे पिवळे ऊन पडायचे की अंगणातल्या तुतीखाली बसलेल्या माणसाला उठवत नसे. दूर खाली, इटलीच्या हद्दीत, त्रिएस्तचा समुद्र पत्र्यासारखा चकाकायचा आणि पाहता पाहता धुक्यात विरघळून जायचा.

शनिवारी सकाळी आल्बिनाने तिठ्यावरच्या खांबाला आयव्हीचा हिरवा झुबका टांगला आणि त्याखाली आपल्या घराच्या दिशेने लाकडी बाण ठोकला. झुबका दिसला की पंचक्रोशीला कळते: आल्बिनाकडे ओस्मित्सा बसली, पिंप उघडले. आठ दिवस अंगण सर्वांचे. तेरान वाइन, पर्शुत म्हणजे घरी वाळवलेली डुकराची मांडी, उकडलेली अंडी, पाव, सलगमाचे लोणचे. नियम एकच, आणि तो कुणी लिहून ठेवलेला नाही, कारण तशी गरजच कधी पडली नाही. झुबक्याखाली विकायची ती आपल्याच वेलांची वाइन. बाकी काही चुकले तर पाद्रीबाबा माफ करतील, हे चुकले तर गाव करणार नाही.

या खेपेची ओस्मित्सा शेवटची होती. गावात सर्वांना ते ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते.

झाले होते असे. मार्चमध्ये तळघराच्या जिन्यावर आल्बिनाचा पाय सरकला. चौदा पायऱ्यांपैकी शेवटच्या पाच ती घसरत गेली, मनगट मोडले, आणि टपालवाली बाई येऊन हाका मारीपर्यंत दोन तास तिथेच गार फरशीवर पडून राहिली. मुलगा दाम्यान कोपर शहरात बंदराच्या कचेरीत होता. तो धावत आला आणि त्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला.

"आई, चौदा पायऱ्या आणि तू एकटी. माझ्याकडे लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये पर्शुत टांगता येतं का?"

"चेष्टा नको. खिडकीतून समुद्र दिसतो."

"इथूनही दिसतो. आणि इथून तो लहान दिसतो, ते बरं वाटतं."

सारा उन्हाळा असा गेला. सप्टेंबरात वेलांवरची द्राक्षे तिने तशीच सहकारी संस्थेला देऊन टाकली, कारण मनगटाने साथ दिली नाही. तळघरात उरले ते गेल्या वर्षीचे एक पिंप. त्या दिवशी रिकाम्या वेलांकडे बघत तिने फोनवर दाम्यानला शब्द दिला. "हे पिंप रिकामं झालं की येते. भरलं पिंप टाकून मात्र जाणार नाही."

दाम्यानने कॅलेंडर पाहिले. मिर्को जिवंत असल्यापासून आल्बिनाचे पिंप बरोबर आठव्या दिवशी संपत असे. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, गाडी आणि खोकी घेऊन येतो म्हणाला.

आल्बिना दिलेला शब्द फिरवणारी नव्हती. म्हणून या खेपेला खडूच्या रेघा ओढताना तिचा हात जड होत होता. रोज एक रेघ, कालच्यापेक्षा चार बोटे खाली.

*

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना द्यायची. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, लोखंडी पलंग, पिसांच्या रजया, आणि खिडकीत सुगंधासाठी ठेवलेली क्विन्स नावाची पिवळीजर्द, आंबट, सफरचंदासारखी फळे. त्यातली तुतीकडची खोली लेओपोल्ड आणि हेदविका यांची ठरलेली. लेओपोल्ड मारिबोरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, हेदविका वाचनालयात होती. चौदा वर्षे हे जोडपे ऑक्टोबरचा हाच आठवडा इथे काढत आले होते, आणि त्यांचा दिनक्रम पाद्रीबाबांच्या प्रार्थनेसारखा पक्का होता.

सकाळी घट्ट कॉफी, लोणी, अंजिराचा मुरंबा. मग लेओपोल्ड नकाशा उलगडणार, चष्मा कपाळावर ढकलणार आणि "आज नवीन वाट" म्हणून जाहीर करणार. मग दोघे रोजच्याच वाटेने निघणार. गडग्यांच्या मधून, तांबड्या मातीच्या खोल खळग्यांना वळसा घालून, ओकच्या रानातून, टेकडीवरच्या संत हेलेनाच्या देवळीपर्यंत. देवळीच्या पायरीवर बसून अंडी सोलून खायची. परतताना लेओपोल्ड जवळचा रस्ता शोधणार आणि चुकणार. भूगोलाच्या मास्तरने चौदा वर्षे एकाच माळावर वाट चुकावी, याचे गावाला मोठे कौतुक होते.

"आज कुठे निघाला होतात, मास्तर?" कुणी विचारायचे.

"इटलीला जाऊन आलो," हेदविका सांगायची. "एका बाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून."

दुपारी ती तुतीखाली वेताच्या खुर्चीत पाय लांब करून झोपायची. पुस्तक पोटावर पालथे. आजूबाजूला माणसे येत, बाकांवर बसत, जांभळ्या फेसाचे पेले टेबलावर गोल गोल खुणा उमटवत. गांधीलमाश्या पेल्यांच्या काठावर चालत राहत. कुणीतरी हलक्या आवाजात गाणे धरी, दुसरा त्याला खालचा सूर देई, आणि गाणे अर्ध्यावरच विसरून दोघे पावसापाण्याबद्दल बोलू लागत. आल्बिना लांब सुरीने पर्शुत कापत बसायची. पाकळ्यांसारखे पातळ, आरपार ऊन दिसेल इतके. मनगट दुखले की सुरी खाली ठेवून नुसते बघत राहायची. त्या वेळी तिला वाटे, हे सगळे आपण आधीच कधीतरी पाहिलेले आहे आणि आता फक्त आठवतो आहोत.

अंगणाच्या पश्चिमेला गडगा होता आणि गडग्यापलीकडे रादिवोयचे घर.

त्या गडग्याची हकीकत गावातल्या लहान पोरालाही पाठ होती. एकतीस वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत बुर्या तीन दिवस घोंघावत राहिला आणि गडगा मधोमध ढासळला. मिर्को म्हणाला, दगड रादिवोयच्या बाजूचे सैल होते. रादिवोय म्हणाला, मिर्कोच्या. त्याआधी दोघे वेलांची छाटणीसुद्धा जोडीने करत, एकमेकांच्या पिंपाची पहिली धार एकमेकांना चाखवत. त्यानंतर शब्दही नाही. गडगा शेवटी दोघांनी आपापल्या बाजूने, वेगवेगळ्या दिवशी रचला, आणि मधे एक माणूस जाईल एवढे खिंडार तसेच राहून गेले, कारण ते कुणी बुजवायचे हे ठरले नाही. मिर्कोच्या अंत्ययात्रेत रादिवोय शेवटच्या रांगेत टोपी हातात घेऊन उभा होता. आल्बिनाला आणि त्याला रविवारी देवळाच्या पायरीवर एकमेकांना मान हलवायची सवय होती. तेवढेच.

मिर्को हयात असेपर्यंत रादिवोयच्या वाइनबद्दल मात्र बोलत राहिला. रादिवोयचे वेल टेकडीच्या सावलीत, ऊन उशिरा पोहोचायचे. "रादिवोयची तेरान प्यायची तर एक डोळा मिटून," मिर्को म्हणायचा. "दोन्ही उघडे ठेवले तर एक बाहेर येईल."

*

मंगळवारी लेओपोल्डने पाणी मागितले.

"काय मागितलंत?" आल्बिनाने सुरी थांबवली.

"पाणी. नुसतं. साधं."

"पोट बिघडलं का?"

"छे, छे. म्हटलं आज जरा…"

आल्बिनाने अंगणभर नजर टाकली. एरवी लिटरचा चंबू मागवणारी माणसे आज पाव लिटरच्या चंबूभोवती चौघे बसली होती. गाणे धरणारा गावचा लोहार पेला नुसताच ओठाला लावून खाली ठेवत होता. तिच्या ध्यानात आले: पिंप लवकर संपू नये म्हणून सगळे हात आखडून पीत होते. तिचे गाल तापले.

"ऐका रे सगळे," ती उठून म्हणाली. "माझ्या सासऱ्यांच्या वेळी ओस्मित्सात पाणी मागणाऱ्याला गाढवाशेजारी बसवायचे. गाढव आता राहिलं नाही, पण जागा आहे. मी कंजूष बाई नाही आणि माझं पिंपही आजारी नाही. प्यायचं असेल तर नीट प्या, नाहीतर घरी जाऊन बायकोच्या हातचा काढा प्या."

"बायकोच्या काढ्यापेक्षा गाढव बरं," लोहार म्हणाला, आणि अंगण हसले. चंबू पुन्हा भरले. तळघरात उतरताना आल्बिना जिन्याच्या मधल्या पायरीवर क्षणभर भिंतीला टेकली. खाली गार अंधारात पिंप होते. त्यावर चार रेघा.

संध्याकाळी तिने पाहुण्यांसाठी योता शिजवला, आंबट कोबी आणि राजम्याचा, वर डुकराच्या चरबीची फोडणी. हेदविका स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आल्बिना, रागावलात?"

"तुमच्यावर नाही. माझी दया येतेय लोकांना, त्याचा राग येतो."

"दया नाही हो ती."

"मग काय आहे?"

हेदविकाने पावाचा तुकडा मोडला. चुलीत एक लाकूड फुटले. बाहेर तुतीचे पान पडले तेही ऐकू आले.

"कोपरला तुम्हाला झोप लागेल का?" हेदविकाने विचारले.

"झोपेला काय, कुठेही लागते," आल्बिना म्हणाली. "जागं झाल्यावर काय करायचं ते कळत नाही. तिथे चूल नाही, तळघर नाही. उठून टकटक करायची कशाला, फ्रिजला?"

*

गुरुवारी, सहाव्या दिवशी सकाळी ती शेजारच्या गावाहून पाव घेऊन आली. ओस्मित्साच्या दिवसांत भट्टीवर लवकर जावे लागे, म्हणून टकटक परतल्यावर व्हायची. पाव टेबलावर ठेवून ती पायऱ्या उतरली आणि पेर फळीवर ठोकू लागली. दबका, दबका, दबका. कालची रेघ आली. दबका. परवाची रेघ आली. तरीही दबका. मंगळवारच्या रेघेच्याही दोन बोटे वर जाऊन आवाज मोकळा झाला.

ती तशीच उभी राहिली. मग पुन्हा खालून सुरुवात केली. मग डाव्या हाताने. मग कान लावून.

"गेलं," ती स्वतःशी म्हणाली. "पेरही म्हातारं झालं."

त्या दिवशी ती अंगणात वाइन काढत राहिली, पावाच्या फोडी करत राहिली, डोक्यात एकच: ज्या बोटावर अठ्ठेचाळीस वर्षे भरवसा ठेवला तेच खोटे बोलू लागले, तर दाम्यान म्हणतो ते बरोबरच आहे. म्हाताऱ्या बाईने लिफ्टच्या घरात जाऊन बसावे.

तेवढ्यात लेओपोल्ड देवळीवरून परतला. आज तो चक्क वेळेवर आला होता, वाट न चुकता, आणि त्याबद्दल बक्षीस म्हणून त्याने मोठा पेला मागवला. एक घोट घेतला. आणि त्याचा डावा डोळा आपोआप मिटला.

आल्बिनाचा हात पर्शुतवर थांबला.

ती लोहाराकडे वळली. लोहाराने पेला वर केला, घोट घेतला, डोळा मिटला, उघडला. पलीकडच्या बाकावरच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिले, दोघींचा एकेक डोळा बारीक.

आल्बिनाने त्याच चंबूतून आपल्यासाठी बोटभर ओतले. नाकाशी नेले. तिच्या वाइनचा ओळखीचा वास होता, ओल्या मातीचा आणि पिकल्या जांभळ्या रानफळांचा. पण त्याच्या मागून दुसरे काहीतरी येत होते. ती प्याली. जिभेच्या कडेला कच्च्या चेरीची आंबट धार लागली, आणि एकतीस वर्षांपूर्वीची एक थंड सकाळ तिच्यासमोर उभी राहिली. छाटलेल्या फांद्यांचे ढीग, मिर्को आणि रादिवोय एकाच पेल्यातून पीत आहेत, आणि मिर्को एक डोळा मिटून हसतो आहे.

तिचे पेर खोटे बोलले नव्हते. तिला आधी हायसे वाटले. मग अंगावर काटा आला. सकाळपासून तिच्या झुबक्याखाली दुसऱ्याची वाइन विकली गेली होती.

ती सरळ गडग्याच्या खिंडाराशी गेली. पलीकडे रादिवोय लाकडे रचत होता. उंच, वाकलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस. तिला पाहून त्याने सवयीने मान हलवली.

"मान हलवू नकोस," आल्बिना म्हणाली. "तोंडाने बोल. माझ्या पिंपात काय ओतलंस?"

रादिवोयने हातातले लाकूड ढिगावर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले.

"तेरान."

"कुणाची?"

"माझीच. चोरून कुणाची आणणार?"

"किती?"

"चार बुधले. तू पाव आणायला गेलीस तेव्हा. किल्ली दगडाखाली असते, ती सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक आहे म्हणून गाव आत येत नाही. का केलंस हे?"

"माझ्याकडे जास्त झाली होती."

"एकतीस वर्षांत कधी जास्त झाली नाही ती?"

रादिवोयने ढिगातले एक लाकूड सरळ केले. मग तिच्या डोक्यावरून तिच्या छपराकडे बघत म्हणाला, "सकाळी तुझ्या धुराड्यातून धूर निघाला की मी उठतो."

"काय?"

"घरात घड्याळ नाही. बायको होती तेव्हा होतं. ते बंद पडलं, मग मी तुझा धूर बघायला लागलो. धूर निघाला की उठायचं. दुपारी निघाला की जेवायचं."

"मग घड्याळ विकत घे, माणसा!"

"त्याला किल्ली कोण देणार रोज," रादिवोय म्हणाला.

 रागाचे शब्द आल्बिनाने वाटेत जमवले होते, ते तोंडात आले तेव्हा गरम राहिले नव्हते.

"पिंप दोन दिवसांत संपणार, मग तू जाणार," तो पुढे म्हणाला. "म्हटलं, थोडं भरलं तर आठवडाभर पुरेल. फार नाही. मी रोज थोडं थोडं घालणार होतो, पण एकदा ओतायला लागलो आणि थांबवेना, चारही बुधले रिकामे झाले."

"आणि नियम? झुबक्याखाली दुसऱ्याची वाइन?"

रादिवोयने तिच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू नियम त्याला आत्ताच, या क्षणी आठवला. पिंप भरायचे एवढेच त्याच्या डोक्यात होते. ती वाइन विकली जाणार, हे तो विसरूनच गेला होता.

"अरे देवा," तो म्हणाला, आणि लाकडांच्या ढिगावर बसला.

*

दुपारी दोनच्या सुमाराला आल्बिना हातोडी घेऊन तिठ्यावर गेली. बाण उचकटला, झुबका उतरवला. मग परत येऊन अंगणात उभी राहिली.

"ओस्मित्सा उठली," ती म्हणाली. "आज सकाळपासून तुम्ही जी प्यालात ती नुसती माझी नव्हती. मला ठाऊक नव्हतं, पण पिंप माझं, तेव्हा चूक माझी. आजचं कुणाकडून काही घ्यायचं नाही."

कुणी विचारले नाही, दुसरी कुणाची. सगळ्यांचे डोळे सकाळपासून त्यांना सांगतच होते. लोहार सावकाश उठला, पेल्यात उरलेला घोट एक डोळा मिटून संपवला आणि म्हणाला, "वाईट नाही लागत हो, दोघांची मिळून." मग टोपी घालून निघाला. एकेक करून माणसे गेली. बाकांवर पेल्यांच्या जांभळ्या खुणा उरल्या.

हेदविका खुर्चीत बसूनच होती.

"मी पाहिलं होतं त्यांना," ती हळूच म्हणाली. "खिडकीतून. हातगाडीच्या चाकाला फडकी गुंडाळली होती, आवाज होऊ नये म्हणून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, मी स्वप्नात आहे," हेदविका म्हणाली. "आणि नसले तरी, मोडावंसं वाटलं नाही."

*

शुक्रवार आणि शनिवार विचित्र गेले. वाटसरू तिठ्यापर्यंत येत, रिकामा खांब बघत आणि वळत. अंगण मोकळे. आल्बिनाने कपाटे उघडली आणि बंद केली. कोपरला काय न्यायचे ते एका बाजूला काढले: सासूचे पितळी खलबत्त्याचे भांडे, पर्शुतची सुरी, हिवाळी कोट. सुरी परत जागेवर टांगली. पुन्हा काढली.

तळघरात उतरली की पिंपाशी बसून राही. आत निम्म्याहून जास्त वाइन होती. विकायची नाही. रादिवोयला परत द्यावी, तर त्याने खिंडारातून उत्तर दिले होते, "माझी किती, तुझी किती, वेगळी करून दे, मग नेतो." ओतून टाकावी, तर त्या विचारानेच तिच्या छातीवरून क्रूसाची खूण झाली. तेरान आजारी माणसाला देतात, बाळंतिणीला देतात, मेलेल्याच्या नावाने जमिनीवर थेंबभर सांडतात. ओतून कुणी टाकत नाही.

रविवारी दुपारी दाम्यान आला. गाडीत घडी केलेली खोकी. अंगण रिकामे बघून तो म्हणाला, "वा, सगळं आटपलं की!" मग आईचा चेहरा बघून हळू झाला. "पिंप?"

"जा, बघ."

दाम्यान चौदा पायऱ्या उतरला. आजीने त्यालाही शिकवले होते, सहा वर्षांचा असताना. त्याने मधल्या बोटाचे पेर फळीवर ठोकले. दबका, दबका, दबका. ठोकत ठोकत तो कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. वर उभ्या असलेल्या आल्बिनाला प्रत्येक ठोका ऐकू येत होता.  मग तो पायऱ्या चढून आला.

"आई, हे अर्ध्याच्या वर आहे."

"आहे."

"झुबका तर उतरवलास."

आल्बिनाने सगळे सांगितले. काही लपवले नाही, कशाला रंग लावला नाही. खिंडारात रादिवोय येऊन उभा राहिला होता, टोपी हातात, अंत्ययात्रेतल्यासारखा. लेओपोल्ड-हेदविका तुतीखाली आपल्या सामानाच्या पिशव्या बांधण्याचे नाटक करत होते.

"विकता येणार नाही," दाम्यान विचार करत म्हणाला.

"नाही."

"ओतून…" तो म्हणाला आणि त्याच्या आईने त्याच्याकडे पाहिले. "नाही, ते राहू दे."

"मी शब्द फिरवत नाहीये, पोरा," आल्बिना म्हणाली.  "तू म्हणालास तर आत्ता गाडीत बसते. सुरी, कोट, सगळं काढून ठेवलंय. पण मी म्हटलं होतं, पिंप रिकामं झालं की. ते रिकामं झालेलं नाही."

दाम्यानने खोक्यांकडे पाहिले. "मग ते रिकामं होणार कसं?"

"पिऊन," रादिवोय खिंडारातून म्हणाला.

"कोण पिणार?"

"ज्यांची आहे ते. रोज संध्याकाळी एकेक पेला. याहून जास्त मला चालत नाही, पोट जळतं."

"तुमचीच वाइन ना, मग जळणारच," दाम्यान म्हणाला, आणि एवढ्यातही त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. बंदराच्या कचेरीत काम केलेला माणूस; त्याने मनात आकडा मांडलाच. "दोन पेले रोज. काका, हे पुढच्या सुगीपर्यंत पुरेल."

"पुरू दे."

"अर्धवट पिंपात तोवर आंबून जाईल."

"वर तेलाचा थर सोडायचा. आणि झालंच व्हिनेगर तर कोशिंबिरीत. तेही संपवायलाच हवं ना." रादिवोयने टोपी फिरवली. "व्हिनेगर जरा सावकाश संपतं."

तुतीखालून हेदविकाचे हसू फुटले आणि लेओपोल्डने तिला कोपराने ढोसले.

दाम्यान वळला, घरात डोकावून आला आणि पुन्हा तळघरात उतरला. आल्बिनाला टकटक ऐकू येईल असे वाटले, पण या वेळी खालून पावलांचा आवाज आला. एक पायरी, थांबा, एक पायरी, थांबा. बराच वेळ. मग तो वर आला. हातात आईच्या शिवणकामाची मोजपट्टी होती, आणि हातावर खडूने आकडे लिहिलेले.

"भिंतीच्या बाजूने लोखंडी कठडा लागेल," तो म्हणाला. "आणि मधे दिवा. शनिवारी घेऊन येतो. तोवर एकटीने उतरायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी."

"टकटक?"

"शनिवारपर्यंत काका करतील."

"त्याला कुठे येते!" आल्बिना म्हणाली. "तो काठी बुडवून बघतो."

"काठी खोटं बोलत नाही," रादिवोय म्हणाला.

"पेरही बोलत नाही. बोटाने कळलं म्हणून तर तू सापडलास."

दाम्यानने रिकामी खोकी परत गाडीत टाकली. निघताना त्याने आईला नेहमीपेक्षा थोडे अधिक वेळ धरून ठेवले. लेओपोल्ड आणि हेदविकाही त्याच्याच गाडीने स्टेशनावर जाणार होते. लेओपोल्डने नकाशाची घडी घातली आणि दारात थांबला.

"आल्बिनाबाई, पुढच्या ऑक्टोबरात तुतीकडची खोली…"

"मला कसं सांगता येईल?" आल्बिना म्हणाली. "पिंपाला विचारा."

गाडी तिठ्याकडे गेली. धूळ लाल उडाली आणि झुडपांच्या लाल रंगात मिसळून गेली. आल्बिनाने चुलीत लाकूड सारले, धूर वर निघाला, गडग्यापलीकडे कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला.

रादिवोय तळघरात जाऊन चंबू भरून आला, तिने वर बसून पायऱ्या मोजल्या. खिंडाराच्या दोन्ही बाजूंना दोन सपाट दगड होते, एकतीस वर्षे कुणी न उचललेले. ते दोघे त्यांवर बसले, ती आपल्या बाजूला, तो आपल्या. सूर्य समुद्रात उतरत होता. आल्बिनाने पेला वर केला, एक थेंब तांबड्या मातीवर मिर्कोसाठी सांडला, आणि घोट घेतला. डावा डोळा आपोआप मिटला.

"आंबट आहे?" रादिवोयने विचारले.

"आहे," ती म्हणाली, आणि तो डोळा तसाच मिटून समुद्राकडे बघत राहिली.